सोसायटीच्या रजिस्टरमधली मामेबहीण

स्वतःचं घर घेतल्यावर पहिली दोन वर्षं मी हॉलमध्ये झोपले. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. आतल्या दोन्ही खोल्या मी भाड्याने दिल्या होत्या, त्यामुळे मालकिणीच्या वाट्याला हॉलमधला दिवाण आला. रात्रपाळीहून परतणारी, सकाळची बस पकडणारी, पाणी प्यायला उठणारी, सगळी वर्दळ माझ्या उशाशी. गावाहून आई पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा तिने सगळीकडे हात फिरवला, भिंती बघितल्या आणि शेवटी दिवाणाकडे बघून म्हणाली, "घर तुझां, मगे तूच भायर कित्याक निजतंस गो?" मी म्हटलं, हवा येते. पंखा तर आतही होता.

घर मुलुंड पूर्वेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वारा फिरला की डम्पिंगचा वास आणि संध्याकाळी खाडीकडून येणारे डास. कागदावर एक बेडरूम, हॉल, किचन. आधीच्या मालकाने गॅलरी बंदिस्त करून तिची एक अरुंद खोली केली होती, म्हणून एजंट त्याला 'दीड बेडरूम' म्हणायचा. मी एकतीस वर्षांची होते. सकाळी सातला लॉ कॉलेज आणि तिथून अंधेरीला एका ऑफिसात नोकरी. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी हक्काच्या पैशांसाठी कोर्टात जितक्या खेपा घातल्या, त्या बघत मी मोठी झाले. आपल्या घरात एक तरी माणूस कायदा शिकलेलं हवं, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून होतं. ते इतक्या उशिरा सुरू केलं, हा माझा आळस म्हणा किंवा परिस्थिती म्हणा.

चाळीतली खोली विकून आलेल्या पैशात माझा नि भावाचा अर्धा-अर्धा वाटा झाला, आईवडील कुडाळजवळ गावाला गेले आणि माझ्या वाट्यात कर्ज घालून मी हे घर घेतलं. हप्ता पगाराच्या निम्म्याहून बराच वर होता. दोन्ही खोल्यांत कोणी ना कोणी राहिलं तरच घर माझ्याकडे राहणार होतं. लॉ पूर्ण होऊन बरी नोकरी लागेपर्यंत खोल्या रिकाम्या राहता कामा नयेत, एवढं एकच गणित त्या काळात माझ्या डोक्यात असायचं. बाकी सगळं मी त्याच्या हिशेबाने करत होते, आणि जे केलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

नावं नकोत. मुली दोघी होत्या, त्यांना गावावरून ओळखा. एक साताऱ्याची, जवळच्या हॉस्पिटलमध्ये नर्स. तिला बेडरूम. दुसरी परभणीची, पवईला एका ऑफिसात नोकरी करून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी. तिला गॅलरीची खोली, कारण तिला भाडं कमी हवं होतं. दोघीही ओळखीतून आल्या होत्या आणि पहिल्या भेटीतच मला दोघीही आवडल्या.

अडचण सोसायटीची होती. आमच्या सोसायटीत सोळा घरं, आणि त्या सोळा घरांच्या सभेने फार पूर्वी एक ठराव करून ठेवला होता, की एकट्या मुलामुलींना जागा भाड्याने द्यायची नाही. कुटुंब चालेल, नातेवाईक चालतील. हे मला घर घेतल्यानंतर कळलं. घर घेताना मी नळ, गळती आणि टायटल तपासलं होतं, लोकांचे ठराव तपासायचं सुचलं नव्हतं.

मुली सामान घेऊन आल्या त्या रविवारी सेक्रेटरी काकांनी आम्हाला तळमजल्यावर, त्यांच्या घरी बोलावलं. निवृत्त माणूस, स्वभावाने वाईट नाही. इमारतीचा पंप, टाकी, झाडूवाला, सगळं तेच बघायचे, फुकट. समोर लाल कापडी बांधणीचं रजिस्टर उघडं होतं.

"ह्या दोघी कोण?"

"बहिणी," मी म्हटलं.

"सख्ख्या?"

"नाही. ही मावसबहीण," मी साताऱ्याच्या मुलीकडे बोट केलं, "आणि ही मामेबहीण."

काकांनी मावसबहिणीचं आडनाव विचारलं, तिने स्वतःचं सांगितलं, त्यांनी लिहिलं. मावशीचं सासर कुठलंही असू शकतं, तिच्या मुलीचं आडनाव काहीही चालतं. मग त्यांनी परभणीच्या मुलीकडे बघितलं.

"मामा आईचा सख्खा भाऊ ना?"

"हो."

"म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. सांगा."

मी सांगितलं. माझ्या आईचं माहेरचं आडनाव, अस्सल कोकणातलं, तिच्या नावापुढे लिहिलं गेलं. ती शेजारी उभी होती, खांद्यावर बॅग तशीच. वर आल्यावर बॅग टाकून हसली आणि म्हणाली, "ताई, एका महिन्यात नोकरी लागली, खोली लागली, आडनावपण लागलं. झकास!"

आम्ही तिघीही हसलो. मला हायसं वाटलं, की मुलगी समजूतदार आहे.

तिचं खरं आडनाव असं होतं, की ते ऐकल्यावर लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. त्यांना उत्तर मिळालेलं असतं. तिचं घर बौद्ध, वडील शाळेत शिपाई होते, ते गेल्यावर आईने शिवणकाम करून तिला शिकवलं. हे तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, भाजी निवडता निवडता. मीही लगेच सांगितलं, की मी असलं काही मानत नाही. म्हणायला काय जातं!

दिवस जात राहिले, आणि ते कसे गेले ते मला आता नीटसं आठवतही नाही. पहाटे उठायचं, कॉलेज, ऑफिस, परत येताना बसमध्ये डुलक्या, घरी आल्यावर किचनच्या ओट्यावर डाळीच्या डब्याला पुस्तक टेकवून उभ्याने वाचायचं, कारण बसलं की झोप लागायची. लीज आणि लायसन्स यांतला फरक मी त्या ओट्यापाशी पाठ केला. लीजमध्ये माणसाला जागेत हक्क मिळतो, लायसन्समध्ये नुसती राहण्याची परवानगी. मोठ्याने घोकत असले की गॅलरीतून आवाज यायचा, "आम्ही परवानगीवाले का ताई?" मी म्हणायचे, "तू गप अभ्यास कर." ती कधी चहा आणून ठेवायची, कधी माझ्यावर कायद्याचे प्रश्न टाकायची. तिचाही अभ्यास, माझाही अभ्यास. दोघींनाही तो संपवून कुठेतरी पोचायचं होतं.

इमारतीत ती माझी मामेबहीण झाली ती झालीच. समोरच्या काकू तर म्हणायच्या, "हिचं नाक अगदी तुझ्या आईवर गेलंय हो." आई आली की तिच्यासमोरही म्हणायच्या. आई तोंडाला पदर लावून आत जायची. काकूंच्या घरून घावणे आले की एक ताट खास मामेबहिणीसाठी असायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिलाही बोलावणं. एकदा तिथून ती हसत हसत परत आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, मला स्थळ आलंय. काकूंच्या भाच्याचं. म्हणाल्या, मुलगा तुमच्यातलाच आहे!"

साताऱ्याची मुलगी हसून हसून लोळली. मीही हसले. ती स्वतः मात्र पटकन थांबली आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली.

बाकी गोष्टी मी बघत होते, पण बघितल्यासारखं करत नव्हते. तिची कुरियरं ऑफिसच्या पत्त्यावर जायची. एप्रिलमध्ये जयंतीला ती घाटकोपरला आत्याकडे जायची, तेव्हा पांढरी साडी घडी घालून पिशवीत घ्यायची आणि तिथे जाऊन नेसायची. इथून निघताना अंगात रोजचा पंजाबी ड्रेस. साडी इथूनच नेसून का जात नाहीस, असं मी एकदाही विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. शिवाय दमलेलं असलं की माणसाला पुष्कळ गोष्टी न विचारण्याची सवलत मिळते. ती मी भरपूर वापरली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला कावीळ झाली. डोळे पिवळे, पोटात अन्न ठरेना. साताऱ्याच्या मुलीने हॉस्पिटलमधून औषधं आणली, पथ्य लिहून दिलं, पण दिवसभर घरात कुणी थांबायला नव्हतं. तिची आई येते म्हणाली. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. तिच्याजवळ कुणीतरी असणार होतं आणि माझी परीक्षा महिन्यावर आली होती.

मी ठाण्याला जाऊन त्यांना आणलं. ठेंगणी, काटक बाई. एका हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात कपड्यांची. रिक्षात सगळा वेळ मुलीची चौकशी. आम्ही जिना चढत होतो, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सेक्रेटरी काका वरून टाकी बघून खाली येत होते. त्यांना बघून बाई थांबल्या, पिशव्या खाली ठेवल्या, हात जोडले.

"जय भीम, दादा."

सवयीने म्हणाल्या. समोर वयाने मोठा माणूस आला की त्या जन्मभर हेच म्हणत आल्या होत्या.

काका क्षणभर थबकले. "नमस्कार, नमस्कार," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ह्या?"

मी बोलायला हवं होतं. अवघड काहीच नव्हतं, माझ्या मैत्रिणीची आई, एवढंच. पण ते शब्द जिभेवर येईपर्यंत त्यांच्यामागे रजिस्टर, ठराव, हप्ता, परीक्षा, सगळं उभं राहिलं आणि मी नुसतं जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बाईच म्हणाल्या,

"मी मामी हाय हिची. परभणीहून आले. लेकीला कावीळ झाली ना."

"असं होय," काका म्हणाले. "बरं, बरं." आणि ते खाली निघून गेले.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर बाईंनी दम खायला माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "बरोबर बोलले ना बाई? पोरीनं फोनवर सांगितलं होतं समदं. म्हटलं, आपल्या पायी तुझ्या घराला काही नको व्हायला."

त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. वेळेवर आठवलं, नीट बोलले, पोरीच्या मैत्रिणीचं घर सांभाळलं, असं. आधीचे दोन शब्द त्यांनी मोजलेच नव्हते. मी म्हटलं, "अगदी बरोबर बोललात." त्या घटकेला मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की आता वाट लागली.

त्या दहा दिवस राहिल्या. गॅलरीच्या खोलीत खाली चटई टाकून मुलीच्या पायाशी झोपायच्या. लेकीला उसाचा रस, लाह्या, मऊ भात. आम्हा दोघींना ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी ओट्यापाशी उभी राहून वाचते हे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसून भाकरी थापायला लागल्या. "वकीलीण होणार ना तू? मंग वाच." मी वाचत असले की त्या भांड्याचा आवाज होऊ द्यायच्या नाहीत.

माझ्या घराचं त्यांना विलक्षण कौतुक. एका दुपारी त्यांनी घराचा कागद बघायला मागितला. त्यांना वाचता येत होतं, अक्षर अक्षर लावून. माझ्या नावापाशी बोट थांबलं. "एकटीचंच नाव?" हो म्हटलं. "नवऱ्याचं नाही, बापाचं नाही?" नाही म्हटलं. मग बराच वेळ तो कागद त्यांनी मांडीवरच ठेवला. गावाकडे फोन लागला की सांगायच्या, पोरीची मैत्रीण हाय, एकटीच्या नावावर घर हाय मुंबईत.

त्या दहा दिवसांत समोरच्या काकू एकदाही आल्या नाहीत. एरवी माझी आई आली की त्या पहिल्या तासाभरात यायच्या. जिन्यात भेटल्या तर मला नेहमीसारखं विचारायच्या, परीक्षा कधी, बारीक का झालीस. फक्त मामेबहिणीचं विचारायच्या नाहीत. कुणी भांडलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. घावणे आले नाहीत, एवढंच.

बाई परभणीला गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी खाली बोर्डावर नोटीस लागली. सदनिकेत नातेवाईक म्हणून राहणाऱ्या सर्व व्यक्तींनी पंधरा दिवसांत ओळखपत्राची प्रत सादर करावी. सर्व व्यक्तींनी! सोळा घरांत नातेवाईक म्हणून राहणाऱ्या दोनच होत्या आणि दोन्ही माझ्याकडे. कॉलेजला निघताना सकाळी साडेसहाला मी ती नोटीस उभी राहून वाचली.

असल्या ठरावाला किती जोर असतो आणि तो कुठे टिकत नाही, हे मला तोपर्यंत शिकवून झालं होतं. मी जाऊन भांडू शकले असते. लेखी विचारू शकले असते. सरळ जाऊन सांगू शकले असते, की हो, भाडेकरू आहेत, काय दंड लावायचा तो लावा. यातलं मी काही केलं नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर होती, दोन खोल्यांपैकी एक रिकामी झाली तर काय, दोन्ही झाल्या तर काय, हेच मी दिवसभर मनात घोळवत राहिले. मला इतका थकवा आला होता, की कुणीतरी माझ्या वतीने निर्णय घ्यावा असं वाटत होतं. तो तिने घेतला.

रविवारी दुपारी ती माझ्या दिवाणावर येऊन बसली. डोळ्यांतला पिवळेपणा अजून पुरता गेला नव्हता.

"ताई, मी जाते. घाटकोपरला आत्याच्या शेजारी एक खोली मिळतेय. मी गेले की तुझी कटकट मिटेल."

मी 'थांब' म्हणायला हवं होतं. ते म्हणण्याइतकी आमची मैत्री नक्कीच होती. मी विचारलं, "कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी साताऱ्याच्या मुलीची ड्युटी होती, घरात आम्ही दोघीच. ती पुस्तकं दोरीने बांधत होती, मी गाठीवर बोट धरत होते. बांधता बांधता, मान वर न करता ती म्हणाली, "एक विचारू? राग मानू नको."

"विचार ना."

"मला मावसबहीण का नाही केलंस?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कान गरम झाले.

"त्या दिवशी खाली," ती म्हणाली, "मला मावसबहीण केलं असतंस तर माझं आडनाव माझ्याकडे राहिलं असतं. साताऱ्यावालीला मामेबहीण करायचं. तिला तुझ्या आईचं आडनाव लागलं असतं तर काय बिघडलं असतं? दोन वर्षं मी हेच शोधतेय."

"सुचलं नाही गं तेव्हा," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. "गाठ धर नीट."

सुचलं नाही हे खोटं होतं. सेक्रेटरी काकांनी 'ह्या कोण' विचारल्यापासून माझं बोट उठेपर्यंत जे अर्धं मिनिट गेलं, त्यात माझ्या डोक्याने दोन्ही आडनावं ऐकून घेतली होती. कुठलं खपेल आणि कुठलं नाही, हे ठरवून टाकलं होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. काकांनी तर तिचं आडनाव ऐकलंही नव्हतं. त्यांच्या वतीने नकार मीच देऊन टाकला आणि दोन वर्षं त्याला सोसायटीचा नियम म्हणत राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

पिशव्या खाली न्यायला मी मदत केली. रिक्षात बसताना तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "परीक्षा चांगली दे." भांडली असती तर बरं वाटलं असतं.

साताऱ्याच्या मुलीने ओळखपत्र दिलं, त्यावर रजिस्टरमधलंच आडनाव होतं, तिचा प्रश्न तिथेच मिटला. गॅलरीची खोली रिकामी झाली. मी तिथे बसून परीक्षेचा अभ्यास केला, दार लावून, पहिल्यांदा स्वतःच्या घरात एका खोलीत एकटी. त्या वर्षाची परीक्षा दिली. पासही झाले. हप्ते ओढूनताणून भरले, घर राहिलं. पुढे नोकरी बदलली, पगार वाढला आणि ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं केलं ती जमली, असं म्हणायला हरकत नाही. मला मात्र नुसतं झोपून राहावंसं वाटायचं.

तिला जाऊन सहा-सात महिने झाले असतील. एका संध्याकाळी ऑफिसातून आले ती वर न जाता सरळ सेक्रेटरी काकांच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, रजिस्टर काढा, एक चूक दुरुस्त करायची आहे.

त्यांनी पान शोधून काढलं. मी सांगितलं, हे आडनाव हिचं नाही. ही माझी मामेबहीण नव्हती, भाडेकरू होती. दुसरीही भाडेकरूच आहे. काकांनी चष्मा काढला.

"आता कशाला खोडाखोड? ती तर गेली."

"तरीही."

"हे बघ, मला त्याच दिवशी कळलं होतं. तिची आई जिन्यात भेटली तेव्हाच. मी काही बोललो का?"

"बोलला नाहीत," मी म्हटलं. "नोटीस लावलीत."

"ती सगळ्यांसाठी होती."

त्यांच्यावर चिडायचा हक्क मी आधीच घालवून बसले होते. त्यांनी पेन पुढे केलं, म्हणाले, तूच लिही बाई. मी एका रेघेत ते आडनाव खोडलं, वर तिचं खरं आडनाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'भाडेकरू' लिहिलं आणि बाजूला सही केली. पुढच्या सभेत माझ्यावर दंड बसला, तो मी भरला. साताऱ्याच्या मुलीला राहू द्यायचं की नाही यावर तासभर चर्चा झाली आणि चांगली मुलगी आहे, राहू दे, असं ठरलं. समोरच्या काकूंनीच तिची बाजू घेतली.

रजिस्टर दुरुस्त केलं त्याच संध्याकाळी, वर आल्यावर, मी घाटकोपरला फोन लावला होता. दरम्यान आमचं बोलणं तसं थोडंच झालं होतं, सणावाराला, निकालाला. तिने उचलला. मागे कुकरची शिट्टी, टीव्हीचा आवाज.

"तुझं नाव नीट केलं," मी म्हटलं. "रजिस्टरमध्ये. आडनावासकट."

ती म्हणाली, "बरं केलंस." आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "काकांना सगळं सांगितलंस?"

"सगळं. त्यांना आधीच माहीत होतं. तुझी आई आली होती त्याच दिवशी कळलं म्हणाले."

टीव्हीचा आवाज कमी झाला, बहुतेक ती दुसरीकडे जाऊन उभी राहिली.

"ताई, एक कर. हे आईला कधी सांगू नकोस."

"का गं?"

"तिला वाटतं, त्या दिवशी ती मामी म्हणाली म्हणून तुझं घर वाचलं. गावात सगळ्यांना सांगत असते. मीपण तिला तसंच सांगितलंय."

तेवढ्यात तिकडून बाईंचा आवाज आला, कोण हाय गं, मुलुंडची का, दे इकडं. त्या लेकीकडे आल्या होत्या. फोन त्यांच्या हातात गेला.

"बरी हाय ना बाई? झाली का वकीलीण?"

"अजून थोडं राहिलंय," मी म्हटलं.

"व्हईल, व्हईल. आणि घर? घर ठीक हाय ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच."

त्या खूश होऊन हसल्या आणि जेवलीस का म्हणून विचारायला लागल्या.